गेममध्ये कुठं अडकला होता आणि सोडवलं कोणी? सांगा राजेहो

परवा भाचा विचारून राहिला होता, मामा तुमच्या वेळी गेममध्ये अडकलं की काय करायचे, तेव्हा तर व्हिडिओ नव्हते. म्हटलं काही नाही, अडकूनच राहायचो. मग सुट्टीत कोणाचा तरी आतेभाऊ यायचा अमरावतीहून, त्याला सगळं माहीत असायचं, तो एका मिनिटात करून दाखवायचा आणि पुढचा महिनाभर गल्लीत त्याचंच नाव. त्यावरूनच हा धागा काढला. नुसतं "अमका गेम एक नंबर" असं लिहू नका बे, त्यानं कोणाचं भलं होत नाही. कुठं अडकले, कशानं सुटलं, आणि आज कोणी नवीन असेल तर त्याला काय सांगाल ते लिहा, आणि वर नावाऐवजी नागपुरातला आपला भाग टाका.

माझ्यापासून सुरू करतो. काँट्रा, टीव्हीला जोडून खेळायचा गोळीबाराचा गेम. मे महिना, दुपारी बाहेर कुत्रं पण दिसत नाही, आत कूलरचा घरघराट, मी आणि लहान भाऊ टीव्हीला चिकटलेले. कॅसेट चालली नाही की फुंकायची, हे तर सगळ्यांनीच केलं असेल (फुंकल्यानं काही होत नव्हतं म्हणे, काढून वापस लावल्यामुळं कनेक्शन बसायचं, उलट तोंडाच्या वाफेनं पिना खराब व्हायच्या, पण हे तेव्हा सांगितलं असतं तर मार खाल्ला असता). आम्ही तिसऱ्या स्टेजला अडकायचो, धबधब्याच्या. तिथं दोघं खेळत असले आणि एक भरभर वर चढला की स्क्रीन वर सरकते, खाली राहिलेला फुकटात मरते. भाऊ तिथं मरायचा, रडायचा, आई येऊन बटन बंद करायची. मग आतेभावानं तो मंत्र दिला, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, टायटल येताच मारायचा, ३० लाइफ. ग्रॅडियस नावाच्या दुसऱ्या गेमचं होम व्हर्जन करताना १९८६ मध्ये तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोला टेस्टिंगला तो गेम फार कठीण जाऊन राहिला होता, म्हणून त्यानं हा कोड स्वतःसाठी टाकला होता. बनवणाऱ्यालाच जमत नव्हतं, तर आपली काय कथा. नवीन पोट्ट्यांना एकच सांगतो, एस वाली गन (गोळ्या पसरून मारणारी) मिळाली की दुसरी उचलू नका. मी प्रतापनगरचा.

महाल

माझं वय आता पन्नाशीला टेकलं, त्यामुळं जुनंच सांगणार. बाबांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता, त्यात कोणीतरी फ्लॉपीवरून प्रिन्स ऑफ पर्शिया टाकलेला. शनिवारी हाफ डे, बाबा मला सोबत न्यायचे, साहेब गेले की दोन तास माझे. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, १९८९ चा गेम आहे, १२ लेव्हल, एकूण ६० मिनिटं. मेला की लेव्हल पुन्हा सुरू, पण घड्याळ मागं जात नाही, ते चालूच. चौथ्या लेव्हलला आरसा येतो, त्यातून धावत उडी मारायची, तेव्हा आपलीच सावली दुसऱ्या बाजूनं निघून पळते आणि पुढं त्रास देत राहते. शेवटच्या लेव्हलला तीच सावली तलवार काढून समोर उभी. मी तिला मारायचो की माझाच लाल त्रिकोण कमी व्हायचा. पुन्हा मारायचो, पुन्हा माझाच. दोन शनिवार गेले यात.

तिथले शिपाई काका चहाचे कप गोळा करायला आले होते, मागं उभे राहून बघत होते, म्हणाले, "अरे तो तूच आहे ना? स्वतःलेच काऊन मारून राहिला? ठेवून दे ना तलवार." मी हसलो. मग कोणी बघत नाही असं पाहून खालचा बाण दाबला, तलवार म्यानात गेली. सावलीनं पण ठेवली. चालत पुढं गेलो आणि दोघं एक झाले! कॉम्प्युटरला हात पण न लावलेल्या माणसानं सांगितलेलं. नंतर पुढं जिथं जमीनच नाही तिथं सरळ पळत सुटायचं, पायाखाली फरशी येत जाते, तेवढं मात्र मी स्वतः शोधलं, म्हणजे चुकून. जाफरपर्यंत (शेवटचा खलनायक) पोचलो आणि वेळ संपली. ते पुढं पंधरा दिवसांनी जमलं, कारण कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह होतं (तिसऱ्या लेव्हलपासून) हे तोवर कळलं होतं. पहिल्या लेव्हली पक्क्या करून मिनिटं वाचवा आणि मग सेव्ह करा, एवढीच टिप.

मानेवाडा

जीटीए व्हाइस सिटी, त्यातलं ते रिमोटच्या हेलिकॉप्टरनं इमारतीत बॉम्ब ठेवायचं मिशन. नाव घेतलं तरी बोटं दुखतात. सगळे म्हणतात टायमर कमी आहे, टायमर कमी नाही बे, तुम्ही घाई करून राहिले. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. आधी रिकाम्या हेलिकॉप्टरनं सगळे मजले फिरा, कामगार अन् गार्ड पंख्यानं उडवून टाका, जिने पाठ करा, मग उचला पहिला बॉम्ब. हे मला सीताबर्डीच्या बाजारात सीडी विकणाऱ्या पोट्ट्यानं सांगितलं होतं, सीडी घेतली नाही तरी सांगितलं.

सक्करदरा

वरच्या भाऊला, मग जीटीए सॅन अँड्रियासमधलं ते ट्रेनचा पाठलाग करायचं मिशन कसं केलं?

मानेवाडा

ट्रेनला चिकटू नको. थोडं दूर, बाजूबाजूनं चालव, म्हणजे बाईकवर मागं बसलेल्या स्मोकला (आपला साथीदार) डब्यावरचे दुश्मन दिसतील. चिकटून चालवलं तर तो डब्यालाच गोळ्या मारत बसते.

धरमपेठ

इथं सगळे भाऊच लिहून राहिले म्हणून मी लिहिते. इंजिनिअरिंगला असताना कॉलेजजवळच्या कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचे, दोन टीमचा बंदुकीचा गेम. मुलं समजायची की तो कोपऱ्यातल्या पीसीवरचा कोणीतरी "भाऊ" आहे. मी एक वर्ष फक्त मरत होते, कारण पळता पळता गोळ्या झाडायचे. मग एका सीनिअरनं सांगितलं की आधी थांब, मग मार, आणि एके बंदूक असली तरी दोन-तीन गोळ्या मारून बोट उचल, बटन दाबून धरलं की नळी वर वर जाते आणि गोळ्या छताला. त्या दिवसापासून माझा गेमच बदलला. दुसरं म्हणजे सीटीमध्ये (बॉम्ब निकामी करणाऱ्या टीममध्ये) असाल तर २०० डॉलरची किट घ्या. कोणी घेत नाही, सगळ्यांना बंदूक पाहिजे. किट नसली तर बॉम्ब निकामी करायला १० सेकंद, असली तर ५. एकदा डस्ट २ नावाच्या मॅपवर आमचे चारही मेले होते, मी एकटी, बॉम्बचं टिकटिक इतकं जोरात झालेलं की मागचे सगळे खुर्च्या सोडून येऊन उभे. मी डिफ्यूज करायला बसले. पट्टी अर्ध्यावर आली आणि कॅफेवाल्यानं तास संपला म्हणून माझा पीसी लॉक केला. दहा रुपये हातात धरून उभी होते मी त्याच्यासमोर! आज पण तो चौक ओलांडताना मला राग येतो.

गोपालनगर

मी वेगळंच सांगते, अडकलेली मी नाही, आई. वय ६३, काटोलकडची, आजोबांची संत्र्याची बाग होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर पलंगावर, सिरियल बघून कंटाळली, म्हणून तिला माझ्या टॅबवर स्टारड्यू व्हॅली लावून दिला. एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसानं चारेक वर्षं बसून बनवला, २०१६ मध्ये आला, शेतीचा गेम आहे. मला वाटलं दोन दिवसांत सोडेल. तिसऱ्या दिवशी मला विचारते, "इथं बोंडअळी येत नाही का गं?" म्हटलं नाही. "मग ही काय शेती आहे."

ती अडकली अशी. वसंत ऋतूच्या २६ तारखेला तिनं सगळ्या पैशांचं बियाणं पेरलं. पार्सनिपला (गाजरासारखं कंद) ४ दिवस लागतात, आणि ऋतू २८ दिवसांचा, तो बदलला की उभं पीक मेलं. सकाळी उठून बघते तर सगळं वाळलेलं. अक्षरशः जेवली नाही नीट. म्हणाली कृषी केंद्रवाल्यानं (म्हणजे गेममधला पिअर) पेरणीची तारीख सांगायला नको का. मग मी तिला वहीत लिहून दिलं, कोणत्या पिकाला किती दिवस, शेवटची पेरणी कधी. ती वही आता अशी भरली आहे की बाबा तिला तलाठी म्हणतात. तिच्याच वहीतून देते: वसंतातल्या १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक, त्यासाठी पैसे राखून ठेवा आणि त्याच रात्री झोपायच्या आत पेरा, दोन तोडे निघतात. बुजगावणं लावल्याशिवाय कावळ्यांच्या भरवशावर शेत सोडू नका. रात्री २ च्या आत घरी या. आणि फळझाडाच्या चहूबाजूंची आठही घरं मोकळी ठेवा, नाहीतर ते वाढत नाही.

संत्र्याचं कलम तिनं ४००० ला घेतलं तेव्हाचं तोंड बघायला पाहिजे होतं. २८ दिवसांत झाड तयार आणि उन्हाळाभर रोज एक संत्रं. "अठ्ठावीस दिवस? आमच्या बाबांनी पाच वर्षं पाणी घातलं होतं. आंबिया बहार नाही, मृग बहार नाही, ताण द्यायचा नाही, काही नाही." पण तिथंच झाडाखाली माणूस उभा करून ठेवला तिनं, बराच वेळ हलवला नाही.

महाल

ताई, आईंना नमस्कार सांगा. पावसाळ्यात काय पेरावं ते विचारून सांगा, मी पण सुरू करतो.

गोपालनगर

काका, पावसाळा नाही त्याच्यात, वसंतानंतर सरळ उन्हाळा. त्यात ब्लूबेरी लावा म्हणते ती.

त्रिमूर्तीनगर

एल्डन रिंग. सुरुवातीला बाहेर निघाल्या निघाल्या तो सोन्याचा घोडेस्वार. मला वाटलं समोर ठेवला म्हणजे मारायलाच ठेवला. दोन दिवस मेलो, मोजणं सोडून दिलं. मित्राला फोन केला तर तो म्हणे "अबे भैताड, तुला कोणी सांगितलं त्याच्याशी लढायला, बाजूनं निघून जा ना." घोडा नंतर मिळते, लेव्हल वाढते, तेव्हा वापस या. मार्गिट नावाच्या बॉसजवळ पण तेच, जमत नसेल तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला नावाचा भाग फिरून या. आणि सगळे पॉइंट ताकदीत टाकू नका, विगर (म्हणजे जीव) वाढवा, दोन फटके जास्त खाता आले तरच तिसरा मारता येते.

सक्करदरा

बीजीएमआय (मोबाइलवरचा बॅटलग्राउंड्स गेम) वाल्यांसाठी, मे महिन्यात तुमचा एम (नेम) खराब नाही, फोन तापलेला आहे. ४५ डिग्रीत फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसर हळू करते, मग फ्रेम तुटतात आणि तुम्ही सेन्सिटिव्हिटी बदलत बसता. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, ग्राफिक्स स्मूदवर ठेवा. कूलरसमोर धरू नका, ओली हवा असते ती, माझा एक फोन असाच गेला.

मनीषनगर

हिरा शोधायला मायनक्राफ्टमध्ये वजा ५९ उंचीला (जमिनीखाली खोल) जा, पायाखालचा ठोकळा खोदू नका, पाण्याची बादली सोबत ठेवा. सगळं आठ वर्षांच्या पोरानं शिकवलं. नेदरमध्ये (त्यातलं आगीचं जग) पलंग टाकून झोपू नये, स्फोट होते, हे मात्र त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, बघत बसला.

आणि एक शिफारस, राजी, २०२० चा. भाऊ हरवलेल्या मुलीची गोष्ट, देवी-देवता आपले, नोडिंग हेड्स नावाच्या पुण्याच्या कंपनीनं केलेला. पुण्याचं कौतुक करायला जिवावर येते, पण चांगला आहे. दोन-तीन बैठकीत संपते.

पुणे (मूळ प्रतापनगर)

मी तो लहान भाऊ. धागा कोणी काढला ते पहिल्या ओळीतच कळलं. राजेहो, याचं ऐकू नका. धबधब्याजवळ हा मुद्दाम भरभर वर चढायचा, मी मेलो की एस वाली गन याला एकट्याला. ३० लाइफचा कोड पण यानं मला दोन वर्षं सांगितला नव्हता.

प्रतापनगर

दोन नाही, एकच वर्ष. पोळ्याला ये, कॅसेट आहे अजून.