ढोबळीची फुलं का गळतात?

ढोबळी मिरचीला फुलं येतात पण देठासकट गळून पडतात, असा प्रश्न आहे. बहुतेक वेळा दोष उन्हाळ्याचा असतो. दिवसा ३२-३३ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही उकाड्याची असली की ढोबळी फळ धरतच नाही. शेजारच्या कुंडीतली तिखट मिरची मात्र लगडलेली असते. म्हणून ढोबळीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, थंडीत फळं धरतील. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो.

पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर फुलकिडे (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) असू शकतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून बघा, बारीक पिवळसर रेघा चालताना दिसतात. मी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारते. दर आठवड्याला, न चुकता.

आणि ढोबळी व तिखट मिरची जवळ लावल्याने ढोबळी तिखट होते ही भीती काढून टाका. यंदाचं फळ गोडच राहतं. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलंत, तर मात्र एखादं झाड तिखट निघू शकतं.