मदत हवी आहे : मेनोनाइट शिक्षणसंस्थांतील सेवाकार्याचे मूल्यमापन कसे होते?

सप्रेम नमस्कार. उच्च शिक्षणात विचार आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड कशी घातली जाते, या विषयावर लेख लिहिण्यासाठी मी अमेरिकेतील मेनोनाइट ख्रिस्ती पंथाच्या शिक्षणसंस्थांचा अभ्यास करीत आहे. इंडियाना राज्यातील गोशेन कॉलेजने १९६८ साली सुरू केलेल्या ‘स्टडी-सर्व्हिस टर्म’ या उपक्रमात विद्यार्थी परदेशी जाऊन स्थानिक कुटुंबांत राहत, सत्राच्या पूर्वार्धात तेथील भाषा, इतिहास आणि समाजजीवन शिकत आणि उत्तरार्धात शाळा, दवाखाना किंवा तत्सम ठिकाणी सेवाकार्य करीत. सेवेआधी अभ्यास, हा क्रमच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

माझी अडचण मूल्यमापनाची आहे. विद्यार्थ्याने लिहिलेल्या रोजनिशीतून त्याचे चिंतन तपासायचे, तर गुण अनुभवाला द्यायचे, विश्लेषणाला द्यायचे की केवळ सफाईदार लेखनाला? (आपल्याकडे प्रकल्पवह्या कशा भरल्या जातात, हे वेगळे सांगायला नको.) यजमान कुटुंबाचे आणि कामाच्या ठिकाणच्या लोकांचे मत त्यात धरले जाते का, आणि परतल्यावर मुख्य विषयाचे प्राध्यापक त्या अनुभवाचा वर्गात उपयोग करून घेतात का?

गोशेन येथे किंवा व्हर्जिनियातील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात, विशेषतः तेथील शांतता-अभ्यासाच्या केंद्रात, कोणी शिकले वा शिकवले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. मूल्यमापनाचे निकष दाखविणारा एखादा जुना अभ्यासक्रम मिळाला, तर फार उपयोग होईल.