एफसिंक सोपं करायचं, म्हणजे नक्की काय काढायचं?

पॅचप्रेमी
लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टिममधला एफसिंकचा (फाइल खरोखर डिस्कवर पोचव, असं सांगणाऱ्या कॉलचा) कोड कुणी सलग वाचलाय का? माझे दोन रविवार त्यात गेले. मूळ कल्पना झकास आहे: एका फाइलपायी अख्खं ट्रान्झॅक्शन (सगळ्यांचे साठलेले बदल) कमिट करायचं नाही, म्हणजे डिस्कवर पक्कं करायचं नाही; तेवढ्या आयनोडच्या (त्या फाइलच्या) नोंदी सबव्हॉल्यूमच्या, म्हणजे फाइलसिस्टिमच्या त्या भागाच्या, लॉग ट्रीत लिहायच्या आणि वीज गेली तर पुढच्या माउंटला (फाइलसिस्टिम पुन्हा जोडताना) लावून घ्यायच्या. पण फाइलचं नाव बदललं, तिला हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) होती, जुन्या नावाने लगेच दुसरी फाइल आली, की वरच्या डिरेक्टरीपासून सगळं लटांबर मागे लागतं. प्रत्येक बगमागे एक 'इफ' वाढलेला! माझं मत: असा गुंता दिसला की सरळ पूर्ण कमिट करा. ती वाट कोडमध्ये आहेच. मॅन पेज (लिनक्सचं माहितीपान) स्पष्ट सांगतं की डिरेक्टरीतल्या नोंदीची खात्री हवी तर डिरेक्टरीवर वेगळा एफसिंक करा. मग न मागितलेलं का द्यायचं?

डेटाबेसकर
असहमत. माझ्या चार केबींसाठी शेजाऱ्यांचंही बिऱ्हाड हलवणार? ईएक्सटी3 या जुन्या फाइलसिस्टिमच्या ऑर्डर्ड मोडमध्ये (आधी डेटा, मग त्याच्या नोंदी लिहायच्या पद्धतीत) हेच व्हायचं. 2008 साली फायरफॉक्स 3 ने इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइटमध्ये (एफसिंक करणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये) ठेवले, आणि मागे मोठी कॉपी चालू असली की ब्राउझर गोठायचा. 'नोट्रीलॉग' (लॉग ट्री बंद करणारा माउंटचा पर्याय) लावून स्वतःचा डेटाबेस चालवून बघा, मग बोलू.

पॅचप्रेमी
डेटाबेस कुठे फाइलींची नावं बदलत बसतो? त्याची जलद वाट तशीच राहील.

डेटाबेसकर
बदलतो की! पोस्टग्रेस हा डेटाबेस वॅलच्या (बदल आधी नोंदवून ठेवायच्या लॉगच्या) जुन्या फाइलींना नवं नाव देऊन पुन्हा वापरतो.

जुना लिनक्सवाला
मॅन पेजवर बोट ठेवून भागत नाही, हे 2009 मध्ये पाहिलंय. ईएक्सटी3च्या पुढच्या ईएक्सटी4 वर मशीन बंद पडलं की केडीई-नोम या डेस्कटॉपांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या. नियमाने चूक ॲप्सची, कारण एफसिंक न करताच नाव बदलत होते. तरी ईएक्सटी4 सांभाळणाऱ्या टेड त्सो यांनी ईएक्सटी4 मध्ये त्यावर उतारा घातलाच.

पण डेटाबेसकर, वेगाचं कौतुकही मला अर्धंच पटतं. 2018 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या क्रॅशमंकी या क्रॅशची चाचणी करणाऱ्या साधनाने नवे 10 बग शोधले, बहुतेक बीटीआरएफएसमधले. त्यासाठी फाइलींवरच्या जास्तीत जास्त तीन क्रिया पुरल्या. तीन! कमिट रखडलं तर लोक शिव्या घालतील, हरवलेली फाइल मात्र सहा महिन्यांनी आठवेल.

पॅचप्रेमी
वॅलचं डोक्यात नव्हतं, मान्य. मग मागणी कमी करतो: ज्या फाइलीच्या हार्डलिंका याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढल्या किंवा घटल्या, फक्त तिच्यासाठी पूर्ण कमिट. वॅलला कोण हार्डलिंक करतंय?

डेटाबेसकर
पोस्टग्रेसच्याच जुन्या आवृत्त्या. नाव बदलायचं म्हणजे आधी नव्या नावाची हार्डलिंक करायची, मग जुनं नाव काढायचं. अजून कितीतरी सर्व्हरवर त्या चालू आहेत.