स्टेशन'वर' म्हणजे ॲट की ऑन?

सातपूरकर
ऑफिसचे मेल इंग्रजीतून असतात. शब्द सुचतात, पण इन, ऑन, ॲट लावताना हमखास घोळ होतो. 'स्टेशनवर भेटू'ला ऑन लावलं तर चूक, 'कॉलेज रोडला दुकान आहे'ला ॲट लावलं तरी चूक. नियम आहे की पाठच करायचं? आणि 'शुक्रवारपर्यंत' म्हणजे बाय की टिल?

गोदाकाठ
प्रत्ययाचं भाषांतर करायला जाता, तिथेच फसता. नाशिकरोड स्टेशनवर भेटायचं तर ॲट, कारण स्टेशन इथे नकाशावरचा नुसता ठिपका आहे. प्लॅटफॉर्मवर उभे आहात तर ऑन, पायाखाली फरशी आहे. 'माझ्यावर रागावला'मध्ये तर विथ येतं, अँग्री विथ मी. तिथे जागेचा संबंधच नाही, ते अँग्रीसोबतच पाठ करायचं.

रस्त्याला ऑन, घरनंबर आला की ॲट. शहर-उपनगराला इन: इन सातपूर. नाशिक गोदाकाठी आहे, म्हणून ऑन द गोदावरी. इन म्हटलंत तर गाव पुरात गेलं!

वाहनांचं सोपं आहे. आत उभं राहून चालता येतं ते ऑन: बस, ट्रेन, विमान. वाकून शिरावं लागतं ते इन: रिक्षा, कार.

घड्याळाच्या वेळेला ॲट, वार-तारखेला ऑन, महिन्या-वर्षाला इन. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, पण सोमवारी सकाळी म्हटलं की वार जिंकतो: ऑन मंडे मॉर्निंग. नेक्स्ट किंवा लास्ट आलं की काहीच लावायचं नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' नको.

मुदतवाला
पर्यंतचं मी सांगतो. वाक्यात 'च्या आत' घालून बघा. 'रिपोर्ट शुक्रवारच्या आत द्या' जमतं, म्हणून बाय फ्रायडे. 'प्लांट शुक्रवारच्या आत बंद आहे' कानाला खटकतं, कारण बंद असणं सलग चालू आहे. तिथे टिल. फक्त बाय फ्रायडेमध्ये शुक्रवारही धरलेला असतो, हे विसरू नका.

'पासून'ही असंच फसवतं. 2021 पासून म्हणजे सिन्स, पण तीन वर्षांपासून म्हणजे फॉर थ्री इयर्स. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स'मध्ये दोन चुका आहेत. आपल्याकडे 'काम करतोय' चालतं म्हणून ॲम येतं. हवं हॅव बीन वर्किंग.

मेलमध्ये सर्रास दिसणारं 'डिस्कस अबाउट'ही काढून टाका. डिस्कशनला अबाउट चालतं, डिस्कसला नाही. रिक्वेस्टचंही तेच: 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, 'वी रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक.

सातपूरकर
'च्या आत'ची युक्ती लगेच पटली. वीकेंडला मग ऑन की ॲट?

गोदाकाठ
ब्रिटिश ॲट द वीकेंड म्हणतात, अमेरिकन ऑन. मेल कुठे जातोय ते बघून लावा. इन मात्र दोघांनाही चालत नाही.