'मनी'च्या रिफमध्ये माझी एक मात्रा रोज जास्त होते

हळदबाजार (सांगली)
नमस्कार मंडळी. वय ४३, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. पुतण्याची बेस गिटार माळ्यावर पडून होती, ती चार महिन्यांपूर्वी खाली काढली. क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बसलं. बहुतेक काम एकाच जाड तारेवर, पाचवी फ्रेट (दांडीवरची पट्टी), तिसरी फ्रेट आणि खुली तार.

आता पिंक फ्लॉइडचं 'मनी' धरलंय आणि त्याच्या रिफमध्ये, म्हणजे सारख्या फिरणाऱ्या सुरावटीत, अडकलोय. गाण्याबरोबर वाजवलं की बरोबर येतं. एकटा बसलो की चौथ्या फेरीला सातच्या आठ मात्रा होतात. दुकानात एका पोत्याचा फरक आला तर रात्री बसून शोधून काढतो, इथं रोज एक मात्रा शिल्लक राहते आणि सापडत नाही. टॅब (कुठली तार, कुठली फ्रेट ते लिहिलेलं) बघून वाजवू की कानानं? आणि फोनवर बेस ऐकूच येत नाही, कान गेला की फोन?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
फोन. जाड ई तार खुली वाजवली की साधारण ४१ हर्ट्झ. तो आवाज फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून कुठला येतोय! हेडफोन लावा.

बाकी क्वीनचं 'बसलं' म्हणताय, पण मधल्या गप्प जागा बसल्या का? जॉन डीकनच्या त्या रिफमध्ये खरी मजा तिथंच आहे. दाबलेला स्वर थांबवायला डावं बोट नुसतं सैल सोडायचं, तारेवरून उचलायचं नाही. खुल्या तारेवर मोकळं बोट आडवं टेकवा, नाहीतर ती घुमत राहते. मी यातच वर्ष घालवलं, बँडमधल्या ड्रमरच्या शिव्या खात.

जवारीवाला (मिरज)
मी तानपुऱ्याला जवारी काढतो, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवतो, बेस कधी हातात धरली नाही. पण पोरानं 'मनी' लावलं आणि माझा हात मांडीवर आपोआप रूपक ताल धरायला लागला. ती ती ना, धी ना, धी ना. सातच की!

भाऊ, आकडे मोजू नका, बोल म्हणा. गाणं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढरी सातचा सा. तानपुऱ्याचं ॲप त्यावर लावा आणि आधी गळ्यानं म्हणा: पहिल्या मात्रेला सा. दुसऱ्या मात्रेत दोन स्वर, तार (वरचा) सा आणि पंचम. तिसरीला परत सा. मग मंद्र (खालचा) पंचम, मंद्र कोमल निषाद, सा, कोमल गंधार, एकेका मात्रेला एकेक. स्वर आठ, मात्रा सात. तुमची शिल्लक तिथंच आहे, दुसऱ्या मात्रेतल्या जोडीला तुम्ही दोन मात्रा देताय.

एक सांभाळा. रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली असते, हात उलटा पडतो. इथं पहिला सा चांगला ठासून हवा. तबलजीसारखं हलकं घेतलंत तर रिफ बसकी वाटेल. टॅब बघा, पण स्वर तोंडात बसल्यावर.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
हे भारी आहे. अजून एक: १९७३च्या त्या रेकॉर्डवर सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ला असे आवाज येतात ना, तो टेपचा लूपच सातचा आहे. रिफच्या आधी तो मोजा.

हळदबाजार (सांगली)
जवारीवाले, सापडली! दोन मात्रांचाच घोळ होता. काल दुकानात पोत्यावर बोटं मारत 'सा, सां-प, सा' म्हणत बसलो, हमालानं विचारलं, "अण्णा, बरं हाय न्हवं?" दहा फेऱ्या एकट्यानं झाल्या. गल्ल्याचे आवाजही ऐकले, आमच्या गल्ल्याला एवढा ताल नाही.

आता नवीन दुखणं. सॅक्सोफोनपर्यंत सातात नीट जातो, पण गिटारचा सोलो आला की गाणं चारवर जातं आणि मी आपला रूपकातच. तिथं केरवा (आठ मात्रांचा ताल) धरू का?