शॉर्टफिल्मच्या शेवटी डॉक्टर आणायचा का?

पेठेतली_पोर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी केलेली सायकॉलॉजिकल थ्रिलर एडिटवर जवळजवळ पूर्ण झाली आहे. लांबी १४ मिनिटं आणि काही सेकंद. आता गाइड सर एका सीनसाठी अडून बसलेत आणि मी त्या सीनच्या विरोधात आहे. गोष्ट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

साताऱ्यात मंगळवार पेठेतलं जुनं घर. पासष्टीच्या पुढची आई एकटी राहते, मुलगा मुंबईला. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो, ती अडकित्त्यानं सुपारी कातरत बोलते. भाजी महागली, शेजारच्यांनी गाडी परत आपल्या दारात लावली, तू जेवलास का. एका शनिवारी दार वाजतं. दारात मुलगा. आई साखळी न काढता विचारते, "कोण पाहिजे तुम्हाला?"

तो हसतो, मग हसणं थांबवतो. ती त्याला आत घेते, पण पाहुण्यासारखी. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवते, ठेवणीतल्या कपबशीत चहा देते, शेवटपर्यंत अहो-जाहो. पहिली नऊ मिनिटं कॅमेरा आईच्या बाजूनं आहे, त्यामुळे बघणाऱ्याला हा माणूस भामटा वाटतो. घरातलं सगळं त्याला कसं माहीत? फोटो कुठं टांगलेत, मोरीचा दिवा कुठल्या बटणावर लागतो, सगळं.

मग तो आतल्या खोलीत जाऊन दार लोटतो आणि तिच्या मोबाइलवर फोन करतो. ती उचलते. "बरं झालं रे फोन केलास. घरात कोणीतरी आलंय. हुबेहूब तुझ्यासारखा दिसतो."

तो भिंतीपलीकडून बोलतोय. थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, "आई, घाबरू नकोस. त्याला जेवायला वाढ." संपली फिल्म.

कल्पना आकाशातून पडलेली नाही. कॅपग्रा नावाचा भ्रम असतो. जवळचं माणूस समोर असतं, चेहरा ओळखू येतो, पण हा तो नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा कोणी तोतया आहे अशी खात्री वाटते. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी एका तरुणाची हकीकत लिहिली आहे. अपघातानंतर त्याला आईवडील तोतये वाटायचे, फोनवर मात्र तो त्यांना बरोबर ओळखायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांनी परका, कानांनी आपला. सिनेमावाल्याला आणखी काय हवं? आपल्याकडे चित्र आणि ध्वनी असे दोन वेगळे ट्रॅक असतातच.

आता वाद. सर म्हणतात, शेवटी एका मिनिटाचा डॉक्टरचा सीन घाला. मुलगा टेबलापुढं बसलाय, डॉक्टर आजाराचं नाव सांगतात. "नाहीतर ज्युरींना कळणार नाही." हॉलमधल्या शोनंतर एका मुलानं खरंच विचारलं, "म्हणजे तो खरा मुलगा होता की भूत?" सरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बास.

माझं म्हणणं असं. भीती आजाराच्या नावात नाहीच. भीती त्या बाईच्या बाजूला बसण्यात आहे. डॉक्टर आला की प्रेक्षक तिच्या शेजारून उठून डॉक्टरच्या टेबलापुढं जाऊन बसतो आणि तिच्याकडे केस म्हणून बघायला लागतो. मग आधीची नऊ मिनिटं मी कशासाठी घालवली?

भूमिका करणाऱ्या बाई आमच्याच शाळेतून निवृत्त झाल्यात, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केलेल्या. आम्ही लिहिलेली आई घाबरून थरथरत होती. बाईंनी पहिल्याच वाचनात स्क्रिप्ट खाली ठेवलं. "अगं, घरात परका पुरुष शिरलाय आणि मी एकटी आहे. मी थरथरेन होय? मी गोड बोलेन. चहा देईन. आणि तो कप तोंडाला लावेल तेव्हा कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचेन." तो किल्लीचा शॉट आता फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट आहे आणि तो आमच्या कुणाच्याही डोक्यातून आलेला नाही.

तर डॉक्टर, की शेवटी काळ्या पडद्यावर आजाराची माहिती देणारी दोन ओळींची पाटी, की काहीच नको? "तुला आवडेल ते कर" असं कृपया लिहू नका. सरांना काय सांगू ते लिहा.

---

बूमवाला

आधी एक विचारतो. फोनच्या सीनमध्ये आईचा आवाज दोनदा ऐकू येतो का? मुलगा पलीकडच्या खोलीत आहे. त्याला ती भिंतीतूनही ऐकू येणार आणि फोनमधूनही. मोबाइलवर आवाज पोचायला किंचित वेळ लागतो, म्हणजे आधी भिंतीतून, मग कानात. हे केलं नसेल तर आख्खा सीन फुकट घालवलाय.

---

पेठेतली_पोर

@बूमवाला केलंय! तुमच्याशी आता तासभर बोलू शकते.

शूटच्या वेळी कळलंच नव्हतं. घरातल्या घरात खरा फोन लावून रिहर्सल करत होतो आणि मुलाचं काम करणारा मित्र दर वाक्याला अडखळायला लागला. म्हणाला, "बाईंचा आवाज माझ्यामागून येतोय." तेव्हा ट्यूब पेटली. एडिटला भिंतीचा आवाज वेगळा केला, वरच्या फ्रीक्वेन्सी कापून, बोदा. फोनचा आवाज त्यामागे ४ फ्रेम सरकवला. २४ फ्रेमच्या हिशेबात सेकंदाचा सहावा भाग. २ फ्रेमवर नुसतं घुमल्यासारखं वाटत होतं, ६ वर तांत्रिक चूक वाटायला लागली. ४ वर मात्र अंगावर येतं. साउंड बघणाऱ्या मित्रानं एकदा ते सिंक गेलंय समजून सरळ करून टाकलं होतं. मैत्री कशीबशी टिकली.

गंमत म्हणजे खऱ्या कॉलचा आवाज फारच स्वच्छ निघाला, तो फोन वाटेचना. शेवटी जुन्या लँडलाइनसारखा ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये कोंबला, तेव्हा लोकांना फोन वाटला. खरं ते खोटं वाटतं आणि खोटं ते खरं, हे आमच्या फिल्मच्या बाबतीत जरा जास्तच लागू पडतंय.

---

बूमवाला

शाबास. मग सरांना हेच सांगा की खुलासा फिल्ममध्ये आहे, तो ऐकायचा आहे. ज्या क्षणी दोन्ही आवाज एकत्र येतात त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं की पलीकडे बोलणारा आणि घरात आलेला एकच आहे. ज्या मुलानं भूत का विचारलं, त्याला हॉलच्या स्पीकरवर हा फरक कळला होता का, ते आधी तपासा. कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे आणि एसीच्या घरघरीत भिंतीतला बोदा आवाज पहिला मरतो.

आणि त्या सीनखाली संगीत असेल तर काढा. फ्रिजची घरघर ठेवा. ती आधीपासून चालू ठेवून फोन वाजण्याच्या जरा आधी कॉम्प्रेसर बंद झाल्यासारखी तोडा. संगीत "आता घाबरा" असं सांगतं. फ्रिज काही सांगत नाही, नुसता बंद पडतो.

---

तिसरी_घंटा

एकांकिका स्पर्धांचा पंचवीस वर्षांचा अनुभव सांगतो. ज्युरींना कळत नाही असं कधीच नसतं. ज्युरींना कळणार नाही असं गाइडना वाटत असतं. बाईंना माझा नमस्कार सांग. किल्लीसाठी.

---

पाचवी_रांग

मी फिल्म सोसायटीवाला, त्यामुळे थोडं सरांच्या बाजूनं बोलतो. डॉक्टर आणून खुलासा करण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हिचकॉकचा 'सायको', १९६०. शेवटाकडे मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून लांबलचक भाषण देतो. त्या भाषणाची लोक आजही टर उडवतात. पण सिनेमा तिथं संपत नाही, हे टर उडवणारे विसरतात. त्यानंतर आपण कोठडीत जातो, खुनी नॉर्मन ब्लँकेट पांघरून बसलाय आणि त्याच्या मनातला आवाज त्याच्या मेलेल्या आईचा. डॉक्टरनं सगळं समजावून दिल्यावरही ते बघताना बरं वाटत नाही. म्हणजे खुलाशानं भीती जातेच असं नाही. खुलाशावर शेवट केला तर जाते.

सर ऐकतच नसतील तर डॉक्टर शेवटी टाकू नकोस. फोनच्या आधी कुठंतरी अर्धवट येऊ दे, आणि शेवट आईकडेच राहू दे.

बाकी पहिली नऊ मिनिटं आईच्या बाजूनं म्हणतेस ती कशी दाखवली आहेस? नुसता कॅमेरा तिच्या खांद्यामागे ठेवून?

---

पेठेतली_पोर

@पाचवी_रांग नाही. तिच्या नजरेतून मुलगा दिसतो तेव्हा २४ एमएमच्या वाइड लेन्सवर, अगदी जवळून. चेहरा तोच, पण नाक किंचित पुढं, कान मागं. शेवटी तो फोनवर बोलतो तेव्हा ८५ एमएमच्या लेन्सवर, त्याचा नेहमीचा चेहरा. कुणाच्या लक्षात येत नाही आणि येऊही नये. नटाच्या आईनं मात्र शो बघून विचारलं, "सुरुवातीला हा असा काय दिसतोय? बरं नव्हतं का?" मला तर बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

---

एफ_एट

लेन्समुळे नाक पुढं येत नाही, अंतरामुळे येतं. २४ लावल्यावर तुम्ही जवळ गेलात म्हणून तसं दिसलं. एवढंच. बाकी कल्पना उत्तम.

---

पेठेतली_पोर

मान्य, मान्य. वायवामध्ये अंतरच म्हणेन.

---

आधी_आवाज

मी मानसशास्त्राची. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते. उशिरा आले, पण हे वाचून राहवलं नाही.

कॅपग्राची पहिली नोंद १९२३ सालची. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा आणि त्यांचे सहकारी रबूल-लाशो यांनी एका बाईबद्दल लिहिलं होतं. नवरा, मुलं, सगळेच बदलले गेलेत असं ती सांगायची. स्किझोफ्रेनियात हा भ्रम दिसतो, म्हातारपणी स्मृतिभ्रंशात, विशेषतः त्याच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात, बऱ्यापैकी दिसतो. मेंदूला चेहरा ओळखू येतो, पण ओळखीबरोबर जी माया आतून उमटायला हवी ती उमटत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. फोनवर प्रत्येकाला ओळख पटतेच असं मात्र नाही. तुमच्या आईला पटते, ते चालेल.

तुमच्या शेवटाबद्दल सांगायचं तर तो मुलगा जे करतो ते बरोबर करतो. "मीच तुझा मुलगा, आधार कार्ड बघ" असा वाद घालून काही उपयोग नसतो, भीती वाढते. आम्ही घरच्यांना सांगतो, खोलीत शिरायच्या आधी बाहेरूनच बोलायला लागा. आवाज आधी जाऊ दे, चेहरा मागून. काही घरांत त्यानं फरक पडतो. माझं इथलं नावही त्यावरूनच आलंय.

डॉक्टर मुळीच नको. कारण साधं आहे, असं होत नाही. एका बैठकीत नाव सांगून कोणी मोकळं होत नाही. आधी तपासण्या, औषधं कुठली चालू आहेत त्याची चौकशी, रात्री झोप कशी, लघवीचं इन्फेक्शन तर नाही ना, हे सगळं चालतं. पाटीही नको. पाटी वाचली की प्रेक्षक "आजार आहे होय" म्हणून सुटतो. पण बघणाऱ्यांत कुणाच्या घरी अशी आई असू शकते, तिच्या मुलाला ते नाव हवंच असेल. ते व्हिडिओखालच्या वर्णनात लिहा, पडद्यावर नको.

आणि एक गोष्ट खटकली. अडकित्ता. मुलगा घरात शिरल्यावरही आई तो हातात घेते का? घेत असेल तर तुम्ही "वेडी बाई आणि हातात हत्यार" या जुन्याच वाटेनं चाललाय. असे रुग्ण क्वचित हल्ला करतातही, ते मी लपवत नाही. पण मी ज्या घरांत जाते तिथं सगळ्यात जास्त घाबरलेलं माणूस तेच असतं.

---

पेठेतली_पोर

@आधी_आवाज ताई, तुमचं उत्तर प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवणार आहे.

अडकित्त्याचं अर्धं पटलं. घेते ती हातात. पोस्टरसाठी तो क्लोजअप आम्हाला फार आवडला होता, खोटं कशाला बोलू. तो क्लोजअप काढते. अडकित्ता पूर्ण काढणार नाही, कारण पहिल्या फोनपासून तो तिच्या बोलण्याचा ताल आहे. कट्, मग वाक्य, कट्, मग वाक्य. शेवटच्या फोनला तोच आवाज भिंतीतून आला तर मुलाला कळेल की आई नेहमीसारखीच बसली आहे, नेहमीच्या जागी, त्याच्याशीच बोलत. हत्यार दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. हे तुम्ही लिहिल्यामुळेच सुचलं. आजच टाइमलाइन उघडते.

सरांना ही तिन्ही उत्तरं दाखवते. तरी नाही ऐकलं तर पाचवी_रांग म्हणतात तसा डॉक्टर मध्ये घालेन, पण त्याला पाठमोरा ठेवेन आणि वाक्य पुरं होऊ देणार नाही. फेस्टिव्हलची मर्यादा १५ मिनिटांची आहे, त्यामुळे फार बोलायला त्याला जागाही नाही!

शेवटची शंका @बूमवाला, लोक हे मोबाइलवर बघणार. मोबाइलच्या स्पीकरवर ४ फ्रेमचा तो फरक टिकेल का?

---

बूमवाला

नाही टिकणार. भिंतीचा आवाज सगळा खालच्या पट्टीत ठेवलायस, तो मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडा उचल, आणि अडकित्त्याची कट् मात्र दोन्हीकडे ठेव, आधी भिंतीत, मग फोनमध्ये. असा टोकदार आवाज छोट्या स्पीकरवरही दोनदा ऐकू येतो. आणि पाटी घालायचीच असेल तर सुरुवातीला घाल : हेडफोन लावा.