बाराव्या वर्षीच्या टायमिंगवरून जलतरणपटू ओळखावा का?

काठावरची मावशी (धागाकर्ती)

माझी तेरा वर्षांची भाची स्पर्धात्मक जलतरण करते. १०० मीटर फ्रीस्टाईलमधील तिचे टायमिंग आधी जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत कमी होत होते. गेल्या वर्षभरात मात्र ते जागचे हललेले नाही, आणि त्यावर उपाय म्हणून सकाळच्या सरावाला आता संध्याकाळचाही सराव जोडला गेला आहे. माझ्या मते हे दुखणे एक आणि औषध दुसरेच असा प्रकार आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्यामुळे लवकर वाढलेले मूल आपल्या वयोगटात सहज पदके मिळवते आणि श्रेय मात्र सराव, आहार व पालकांची पहाटेची झोपमोड यांच्यात वाटले जाते. पुढे हातपाय लांबतात, पाण्यातला तोल बदलतो आणि अंगवळणी पडलेला स्ट्रोक नव्याने बसवावा लागतो. अशा वेळी सरावाचे अंतर एकदम वाढवले, तर टायमिंग सुधारण्याआधी खांदाच कुरकुरू लागण्याची भीती अधिक. चौदाव्या वर्षापर्यंत ५० मीटरला किती हात लागतात एवढेच पाहावे आणि घड्याळ घरी ठेवावे.

टँकवरचा जुना माणूस

मी असहमत आहे. अनेक वर्षे मुलांना शिकवल्यानंतर सांगतो, की नुसते हात मोजणे ही स्वतःची फसवणूक ठरते, कारण हळू पोहून आणि दर हातानंतर अंमळ घरंगळत राहून कोणीही हातांची संख्या कमी करून दाखवील. पाण्याची जाण आणि दमसास यांचा पाया कोवळ्या वयातच घातला जातो. केटी लेडेकीने २०१२ मध्ये लंडनला ८०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. समर मॅकिन्टॉश चौदाव्या वर्षी टोकियोत ४०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये चौथी आली. लवकर सुरुवात केली म्हणजे मूल करपते, हेही खरे नाही. सारा शोस्ट्रॉम चौदाव्या वर्षी युरोपीय विजेती झाली आणि तिशीत, २०२४ साली पॅरिसला, तिने ५० व १०० मीटर फ्रीस्टाईलची सुवर्णपदके जिंकली.

काठावरची मावशी

लेडेकीचेच उदाहरण पुढे नेते. लंडनला तिची वेळ ८:१४.६३ होती आणि २०१६ मध्ये रिओला ८:०४.७९, म्हणजे चार वर्षांत जवळजवळ दहा सेकंदांची सुधारणा. त्यानंतरचा तिचा विक्रम २०२५ सालचा, ८:०४.१२. नऊ वर्षांत पुरता एक सेकंदही नाही! या काळात तिची प्रगती थांबली होती असे तुम्ही म्हणाल का? जगातल्या सर्वोत्तम जलतरणपटूला एवढी वाट पाहावी लागत असेल, तर तेरा वर्षांच्या मुलीला एक वर्ष द्यायला आपली हरकत का असावी?

रंकाळ्याकाठचा

दोघेही परदेशी विजेत्यांच्या गोष्टी सांगत आहात. आपल्याकडे खरा अडसर वेगळाच आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य घेऊन आला. भारताला या स्पर्धेतील जलतरणाचे पदक त्यापूर्वी मिळाले होते ते १९८६ साली, खजान सिंगमुळे. पुढे तहसीलदाराची नोकरी सांभाळत तो २०१८ मध्ये जकार्ताला उतरला, ५० मीटर फ्रीस्टाईलचा राष्ट्रीय विक्रम केला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्याचे कांस्य हुकले. विशी उलटल्यावरही वेग वाढतो, याला आणखी काय पुरावा हवा? पण आपल्याकडची बरीच मुले दहावीचे वर्ष आले की टँक सोडतात. म्हणून पालकांना सगळी पदके बाराव्या वर्षीच हवी असतात, आणि दोन वेळच्या सरावाचे मूळही तिथेच आहे.

टँकवरचा जुना माणूस

दहावीचा मुद्दा बिनतोड आहे. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी त्याच वर्षी गेले. मावशी, संध्याकाळचा सराव तूर्त बंद करा, त्याला माझा विरोध नाही. घड्याळ मात्र घरी ठेवू नका. महिन्यातून एकदा तिला सारख्याच विश्रांतीने ५० मीटरच्या आठ फेऱ्या मारायला सांगा आणि प्रत्येक फेरीचे सेकंद व हात शेजारी शेजारी लिहा. सेकंद तेवढेच राहून हात कमी झाले, तर तुमचे म्हणणे खरे. दोन्ही वाढले, तर आधी तिची झोप आणि खांदा तपासा. तीन महिन्यांनी ते आकडे इथेच लिहा, मग पुढचे भांडू.